टेबल एकशे बारा

मार्चचा पहिला शनिवार. ओहायो.
जत्रेच्या मैदानातली गुरांची शेड.
ऑगस्टात इथे बक्षिसाच्या गाई उभ्या असतात,
आज टेबलं, हिरवी कापडं
आणि कुशीवर निजलेल्या जुन्या बंदुका.
फरशीनं शेणाचा वास अजून सोडलेला नाही,
त्यात आता जवसाचं तेल, ओल्या लोकरीचे कोट,
साखर लावलेले डोनट.

दारावरची पोरगी प्रत्येक चापाभोवती
पिवळी प्लास्टिकची पट्टी आवळते,
दोनशे वर्षांच्या ठासणीच्या बंदुकीलासुद्धा.
"नियम आहे, आजोबा."
असू दे.

मी हातमोजे चढवतो,
इवलासा दिवा नळीत सोडतो, एक डोळा मिटतो.
आत आटे वळत वळत गेलेले,
कुठे गंज, कुठे लख्ख.
"माणसांत इतकं वाकून कधी बघितलं नाहीस,"
बायको म्हणायची. खरं आहे.
पण खोटं मला लांबूनही कळतं:
चहाच्या पाण्यात मुरवलेलं लाकूड,
आम्लानं काळवंडवलेलं कालचं पितळ.
खोटं म्हातारपण सगळीकडे सारखं चढतं.
खरं फक्त तिथे,
जिथे हात पडला, गाल टेकला.

एकशे बारा.
एकोणीस वर्षं मी या टेबलापाशी थांबलो,
एकोणीस वर्षं डेल्बर्ट याकी म्हणाला, "बघू."
नोव्हेंबरात तो गेला.
खुर्चीत इमोजीन, त्याच्याच जाकिटात,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
आणि ती समोरच पडलेली, लांब नळीची,
दस्त्याच्या मेपलवर वाऱ्यानं ओढाव्यात तशा लाटा,
पितळी झाकणावर चोच झिजलेला पक्षी.

चापाला दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी.
किंमत त्याच्या तिरप्या अक्षरात,
मी पहिल्या वर्षी बोललो होतो तीच.
मी चिठ्ठी उलटली.
मागे लिहिलेलं:
आर्लनला नाही.

"मीही वाचलंय," इमोजीन म्हणाली.
"का, ते नाही सांगितलं त्यानं. तुला ठाऊक असेल."

ठाऊक होतं.
पहिल्याच वर्षी, चार गिऱ्हाइकांदेखत
मी घोड्यावर बोट ठेवून म्हणालो होतो,
"हा मूळचा नाही रे, नंतर बसवलेला."
भाव पाडायचा होता, बाकी काही नाही.
डेल्बर्टनं घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि थर्मासचं झाकण लावलं.
त्यानंतर दर मार्चला त्यानं मला कॉफी दिली.
घोड्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

"इमोजीन, घोडा मूळचाच आहे," मी म्हणालो.
"या कारागिराच्या दोनच पाहिल्यात मी, दुसरी तुटकी होती.
तिप्पट लिही."
तिनं पेन्सिल ओली केली, जुना आकडा खोडला,
नवा लिहिला.
आभार मानले नाहीत, रागावलीही नाही.
डोनटचा अर्धा तुकडा कागदासकट माझ्याकडे सरकवला.

तीनच्या सुमाराला केंटकीचा एक पोरगा आला,
दाढी विस्कटलेली, नखांत ग्रीस.
काही विचारलं नाही, फक्त खांद्याला लावली,
आणि त्याचा गाल
लाकडातल्या त्या खोलगट जागी
आपसूक जाऊन बसला.
मी तिथून हललो. काडतुसांच्या रिकाम्या डब्यांचे
भाव विचारत बसलो, जे मला कधीच नको असतात.

परत आलो तर कापडावर
लांबट, गडद हिरवा पट्टा,
तेवढाच न विटलेला.
इमोजीननं चिठ्ठी माझ्या तळहातावर ठेवली.
"ही त्याला लागणार नाही."

रात्री वही काढली, चष्मा पुसला:
नोंद क्रमांक दोनशे चौदा.
पुठ्ठा, दोरा, शिसपेन. दोन्ही बाजूंना मजकूर.
पुढे एक खाडाखोड, नंतरची.
मागची बाजू अस्सल.
विक्रीसाठी नाही.